तेल पाहायला दोन माणसं

"थांबव! अबे सुध्या, थांबव म्हणतो नं, गाडी जळून राह्यली!"

दादा मागच्या सीटवरून ओरडत होता आणि ओरडता ओरडता माझ्या पाठीत बुक्क्या घालत होता. सेलू मागं पडलं होतं, हिंगणीचा रस्ता लागला होता, आणि मी काहीच ऐकू आलं नाही असा चेहरा करून पुढं पाहत होतो. चेहरा त्याला दिसत नव्हता, तरी केला होता. धूर म्हणाल तर असा, की मागून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं भर दुपारी दिवे लावले. शेतातल्या बाया निंदण सोडून बांधावर येऊन उभ्या राहिल्या, आणि बोर धरणाकडे निघालेला बगळ्यांचा थवा वाट चुकून यवतमाळ जिल्ह्यात जाऊन उतरला. बगळ्यांचं मी थोडं वाढवून सांगतो आहे. एस.टी.चे दिवे मात्र खरे. त्या ड्रायव्हरनं आमच्या बाजूनं जाताना खिडकीतून जे सुनावलं तेही खरं, पण ते छापण्यासारखं नाही.

दादाच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता. त्यात आईनं पुण्याहून पाठवलेले डिंकाचे लाडू होते आणि ते माझ्यासाठी नव्हते, विन्यासाठी होते. विन्या हा माझा जिवलग मित्र. धरणाजवळ जंगल खात्याच्या क्वार्टरमध्ये राहणारा, सहा फूट उंच, एका बैठकीत अकरा भाकरी खाणारा आणि एका हातानं मोटारसायकल ओळंब्यासारखी सरळ धरणारा. त्याच्यात उणीव अशी एकच होती, की तो नव्हता. मी त्याला अंतर्देशीय पत्रांत तयार केला होता, आणि तो का तयार करावा लागला हे सांगितल्याशिवाय त्या धुराचा उलगडा व्हायचा नाही.

त्या वर्षी आमच्या घरात दोन माणसं होती आणि दोघांची मिळून एका माणसाएवढीही बडबड होत नव्हती. दादा वर्ध्याहून फिटरचा कोर्स करून पुण्याच्या कारखान्यात लागला होता. आई वहिनीच्या बाळंतपणाला दोन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि नातवानं तिच्या लुगड्याचं टोक असं मुठीत धरलं, की आठवा महिना लागला तरी सोडेना. माझ्याबरोबरची सगळी पोरं वर्धा-नागपूरच्या होस्टेलांत पांगली होती. मी बारावीच्या गणितात अडकून घरी राहिलो होतो. राहिलो मी आणि बाबा. पुढं बाबांचं किराण्याचं दुकान, मागं दोन खोल्या, त्यामागं अंगण. दुकानाच्या मागच्या दाराला पोत्याचा पडदा होता, आणि त्या पडद्यापासून अंगणातल्या मोटारसायकलपर्यंत सतरा पावलं होती. हा आकडा वाढवलेला नाही. दिवसातून कितीदा तरी मोजायचो, दुसरं काम काय होतं.

बाबा गिऱ्हाइकाशीसुद्धा मोजकं बोलत. 'किती', 'अजून काय', 'घे'. घरात तेवढंही लागत नसे, कारण मी काही विकत घेत नव्हतो. स्वयंपाक माझ्याकडे होता. आई असताना आमच्याकडे गोळाभात व्हायचा तर वर तेलाची मोहरी-लसणाची फोडणी तडतडायची आणि वास चक्कीपर्यंत जायचा. माझ्या हातचे डाळीच्या पिठाचे गोळे असे व्हायचे, की एखादा खाली पडला तर फरशीची काळजी वाटावी. बाबा निमूटपणे चावत. कधी कधी त्यांच्या तोंडात काहीतरी फुटल्याचा आवाज यायचा. गोळा फुटला की दाढ, हे विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही. समोरची आटाचक्की दुपारपर्यंत टुकटुकायची, मग बंद पडायची, आणि ती बंद पडली की गाव एखाद्या रिकाम्या पिंपासारखं होऊन जायचं. तराजूची पारडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला की मी म्हणायचो, चला, एक गिऱ्हाईक आलं. पुन्हा आपटली की म्हणायचो, गेलं.

अशा वेळी मला सोबत होती ती दादाच्या मोटारसायकलची. चार स्ट्रोकची, शंभर सीसीची, एका मास्तरांकडून जुनी घेतलेली. दिवेलागणीला मी ती अंगणात नुसती सुरू करून ठेवायचो आणि तिच्याजवळ पाटावर बसायचो. कुठं जायचं नसायचं. काहीतरी बोलतंय एवढंच पुरे होतं. गाडी सुरू झाली की दुकानातला रेडिओ बारीक व्हायचा. बाबांना या गाडीचा राग आहे हे मला तेव्हाच कळलेलं होतं. दादानं एकदा त्यांना मागं बसवून सेलूला नेलं होतं. बाबा निम्म्या वाटेत उतरले, एक शब्द न बोलता पायी घरी आले, आणि त्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नाही. आम्हीही पुन्हा बसा म्हणालो नाही. त्या रेडिओच्या आवाजाचा अर्थ मी वीस वर्षं तोच धरून होतो. आता मी स्वतः संध्याकाळी टीव्हीचा आवाज कमी करून वरच्या खोलीत मुलगा फोनवर हसतो ते ऐकत बसतो, तेव्हा मला माझ्या त्या अर्थाची खात्री राहिलेली नाही.

पुण्याला जाताना दादा गाडी माझ्याकडे ठेवून गेला, पण एका अटीवर. या गाडीला डबल स्टँड नव्हता. धरणाकडच्या गाडवाटेवर तो बैलगाडीच्या चाकोऱ्यांना घासायचा म्हणून दादानं कापून काढला होता, आणि आईनं लगेच त्यावर पाण्याचा माठ ठेवला होता. तेव्हा गाडी फक्त साइड स्टँडवर, डाव्या अंगाला झुकून उभी राहायची. इंजिनातलं तेल मोजायची काडी उजव्या बाजूला, आणि झुकलेल्या गाडीत तेल डावीकडे सरकलेलं. दादानं मला अंगणात उभं करून मंत्र दिल्यासारखं सांगितलं होतं, "हे पाय. तेल बदलवलं का चार मिनिटं गाडी चालू ठेवाची. मंग बंद कराची अन चार मिनिटं चूप बसाचं, तेल खाली उतरू देवाचं. मंग एकानं गाडी सरळ धराची. सरळ म्हणजे सरळ. दुसऱ्यानं काडी पुसाची, नुसती टेकवाची, आटे फिरवाचे नाई, अन पायाचं. दोन रेघांच्या मधात तेल पायजे. स्टँडवर पायशीन तं काडी खोटं बोलते."

"समजलं," मी म्हणालो.

"कायचं समजलं? याले दोन माणसं लागते. तुह्याजवळ दुसरा माणूस नसला तं सांगजो, मी गाडी पुण्याले नेतो. इंजन जाम करून मले नाई पायजे."

पहिल्या दोन वेळेला दादा सुट्टीवर आला तेव्हा आम्ही मिळूनच तेल पाहिलं होतं. तिसऱ्या वेळेला त्याला यायला जमेना, आणि त्याचं पत्र आलं: तेल बदलायला झालं असेल, गाडी धरायला कोण आहे? आता कोणी नाही असं लिहिलं असतं तर गाडी रेल्वेच्या पार्सलमध्ये चढली असती आणि संध्याकाळी पाटावर बसून मी माठाकडे पाहत राहिलो असतो. मी लिहिलं, विन्या आहे. पेन थांबेना म्हणून पुढं लिहिलं, जंगल खात्यातल्या साहेबांचा मुलगा आहे, लई चांगला आहे. पुढच्या पत्रात विन्यानं आमच्या मोरीतला साप पकडून जंगलात सोडला. त्याच्या पुढच्यात त्याला धरणाच्या वाटेवर वाघ आडवा आला आणि दोघंही एकमेकांना 'आधी तुम्ही' करत अर्धा तास उभे राहिले. आईचं उत्तर आलं, विन्याला जेवू घालत जा, एकटा राहतो बिचारा. एकटा राहतो असं मी कुठंच लिहिलं नव्हतं. ते आईला कुठून कळलं, देव जाणे. पण खरं सांगायचं तर हळूहळू मलाही सवय झाली. दुपारी भाकरी थापताना मी एखादी जास्त थापायचो आणि मग ती मीच खायचो.

त्या तिसऱ्या वेळेचं तेल प्रत्यक्षात मी बदललंच नव्हतं. आणि मग दादाचं पत्र आलं, की रविवारी येतो, सोमवारी परत, तू स्टेशनवर घ्यायला ये, आणि विन्यालाही भेटायचं आहे. विन्याचं मी काहीतरी निभावलं असतं, त्याला ऐनवेळी आजोळी पाठवला असता. पण काळं पडलेलं तेल दादाला काडी न काढता वासावरून कळलं असतं. शनिवारी दुपारी मी वनस्पती तुपाचा रिकामा डबा गाडीखाली सरकवला, पाना लावला आणि खालचा नट खोलला. जे बाहेर आलं त्याला तेल म्हणणं म्हणजे डांबराचा अपमान. नट पुन्हा आवळला, नवीन तेलाच्या डब्यातून डब्यावर लिहिलं होतं तेवढं ओतलं, चार मिनिटं गाडी चालू ठेवली, बंद केली, चार मिनिटं चूप बसलो. इथपर्यंत मी जगातला सर्वांत शहाणा माणूस होतो.

मग गाडी सरळ धरायची वेळ आली.

आधी मी ती भिंतीला टेकवली. भिंतीला टेकलेली गाडीही झुकतेच, फक्त दुसरीकडे. मग गाईचं दावं आणून हँडल शेवग्याला बांधलं. शेवगा हे झाड किती ठिसूळ असतं हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको. फांदी कडाकडा मोडली, शेंगांसकट माझ्या डोक्यावर आली, आणि गाडी मी छातीवर झेलली. त्या आवाजानं दुकानाच्या दाराचा पोत्याचा पडदा बाजूला झाला. बाबा उभे होते. त्यांनी फांदीकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"काय झालं?"

"काई नाई," मी म्हणालो.

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पडदा पडला. सतरा पावलं.

शेवटी मी गाडीवर बसून पाहायचं ठरवलं. माझे पाय तेव्हा जमिनीला जेमतेम चवड्यांनी टेकायचे. काडी काढायला उजवीकडे वाकलो की गाडीही माझ्याबरोबर उजवीकडे वाकायची. अशा अवस्थेत काडी पाहिली तर वरपर्यंत तेलानं माखलेली. उतरलो, साइड स्टँडवर लावून पाहिली तर कोरडी ठणठणीत. एकाच इंजिनात एकाच वेळी पूर आणि दुष्काळ. कोणावर विश्वास ठेवायचा? दादानं सांगितलं होतं की स्टँडवर काडी खोटं बोलते, ते मला आठवत होतं. पण तेल कमी पडून इंजिन जाम झालं तर गाडी गेली हेही त्यानंच सांगितलं होतं, आणि जास्त झालं तर काय होतं हे त्यानं सांगितलं नव्हतं. शिवाय मी दुकानदाराचा मुलगा. बाबा तराजूचा काटा उभा राहीपर्यंत एक डोळा मिटून थांबत, काटा बरोबर मध्ये आला की मगच श्वास सोडत, आणि त्यानंतर वर एक चिमूट टाकत. कमी देऊ नये, थोडं जास्त गेलं तर कोणी भांडायला येत नाही, हे मी जन्मल्यापासून पाहत आलो होतो. मी वर एक चिमूट टाकली. काडी कोरडीच. आणखी एक टाकली. आमचं अंगण पाणी वाहून जावं म्हणून मोरीकडे उतरतं केलेलं आहे, आणि गाडीची डावी बाजू नेमकी मोरीकडे होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पहिला डबा संपला. मी दुसरा फोडला. दुसऱ्यातला अर्धा गेल्यावर कुठं काडीच्या टोकाला थेंबभर तेल दिसलं आणि मी समाधानानं हात धुतले.

आता माझ्याकडे जी गाडी आहे तिच्या इंजिनाला तेल पाहायला काचेची छोटी खिडकी आहे. दुकानातला पोरगा मला कौतुकानं म्हणाला, काका, आता काडीची कटकटच नाही. मी त्याला म्हटलं, हो, पण सरळ कोण धरणार? तो हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचा विनोद आहे.

रविवारी मी स्टेशनला एकटाच गेलो. जाताना गाडी जड चालत होती, पण मागं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. एकट्यानं गाडी चालवणाऱ्याला आपला धूर दिसत नाही, तो मागच्या सीटवरच्याला दिसतो. वर्ध्याच्या एका चौकात दोन माणसं माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाली, तर मला वाटलं माझी भांगाची नवी फॅशन त्यांना आवडली. दादा आला, डबा मांडीवर घेऊन मागं बसला, बाळाच्या दाताबद्दल बोलत राहिला. सेलूपर्यंत त्याचं बोलणं चाललं. सेलूनंतर बुक्क्या सुरू झाल्या.

शेवटी मी थांबलो. रस्त्याच्या कडेला कपाशी होती, सावली नव्हती. दादानं डबा एका दगडावर ठेवला, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि खाली वाकून इंजिनाला बोट लावून वास घेतला. डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकाकडे पाहतो तसं माझ्याकडे पाहिलं.

"तेल बदलवलं?"

"कालच."

"पायलं?"

"पायलं ना."

"गाडी कोणं धरली होती?"

"विन्यानं," मी म्हणालो. "एका हातानं."

दादानं इंजिन निवायला वेळ दिला, तोवर दोघं कपाशीकडे पाहत उभे राहिलो. मग त्यानं गाडी साइड स्टँडवर असतानाच काडी काढली, पुसली, टेकवली, वर काढली. टोकाला तेलाचा थेंब. नेमका तेवढाच, जेवढा मला काल दिसला होता. त्यानं तो थेंब मला दाखवला. मग म्हणाला, "ये. धर. सरळ धर."

मी हँडल धरून गाडी सरळ केली. त्यानं पुन्हा काडी टाकली आणि काढली. दोन रेघा कुठं आहेत ते शोधावं लागत होतं, काडी अशी वरपर्यंत बुडाली होती. दादानं ती काडीही मला दाखवली. ओरडला असता तर बरं झालं असतं, ओरडण्यात तो पटाईत होता.

"स्टँडवर पायलं तू," तो म्हणाला.

मी गाडी आणखी सरळ केली.

"एकट्यानं पायलं."

"विन्याची बदली झाली," मी म्हणालो. "म्हणजे त्याच्या बाबाची."

"कवा?"

"आत्ताच."

दादानं मान खाली घातली. तो हसतो आहे असं मला वाटलं, आणि मीही हसायच्या तयारीत होतो, पण त्यानं मान वर केली तेव्हा तो हसत नव्हता. सीटखालून पाना काढून तो गाडीखाली आडवा झाला, नट सैल केला आणि अंदाजानं जादाचं तेल रस्त्याकडेच्या खड्ड्यात सोडू लागला. कोमट तेल त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं. मी हँडल धरून उभा. दर थोड्या वेळानं तो नट आवळायचा, उठून काडी पाहायचा, पुन्हा आडवा व्हायचा. प्रत्येक वेळी नुसतं 'सरळ' म्हणायचा आणि मी सरळ करायचो. त्या आठ महिन्यांत माझ्याशी कोणी इतकं बोललं नव्हतं. तेल दोन रेघांच्या मध्ये आलं तेव्हा मला जरा वाईटच वाटलं.

"आईले नको सांगू," मी म्हणालो.

"लाडू कोणाले देऊ मंग?" तो म्हणाला, आणि डबा उचलून मागं बसला. हिंगणी येईपर्यंत धूर बराच कमी झाला. त्यानं पुन्हा बुक्की मारली नाही, पण बाळाच्या दाताबद्दलही बोलला नाही. गावाच्या वेशीजवळ एवढंच म्हणाला, "गाडी उद्या नेतो मी, सुध्या. पार्सल करतो." मी हो म्हणालो. अट अट होती.

सोमवारी दादा रेल्वेत एकटाच बसला आणि गाडी अंगणातच राहिली. पुढं ती विकेपर्यंत तिचं तेल कधी दोन रेघांच्या बाहेर गेलं नाही. विन्याचे लाडूही महिनाभर पुरले, सकाळी एक मी, एक बाबा. हे सगळं ज्यामुळं झालं ते रविवारी दुपारीच, आम्ही घरी पोचल्या पोचल्या झालं, आणि त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

बाबा दुकानात एका म्हातारीला शेंगदाणे तोलून देत होते. दादा तसाच, कोपरापर्यंत काळा हात घेऊन मागच्या दारानं आत गेला. मी पडद्याशी थांबलो. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या हाताकडे पाहिलं, आणि पुन्हा काट्याकडे पाहू लागले.

"बाबा," दादा म्हणाला, "याचा विन्या-फिन्या कोणी नाई. यानं पत्रात बनवला होता. गाडीचं तेल पाहाले दोन माणसं लागते, अन याच्याजवळ दुसरा माणूसच नाई. म्हणून गाडी घेऊन जातो मी."

बाबांनी एक डोळा मिटला. काटा हलत हलत मध्ये आला, उभा राहिला. त्यांनी वर एक चिमूट टाकली, पुडी बांधली, म्हातारीच्या हातात दिली. ती पायरी उतरून जाईपर्यंत थांबले. मग रिकामी पारडी हातानं थांबवत, 'अजून काय' विचारतात त्याच आवाजात म्हणाले,

"अन मी कुठी गावाले गेलतो?"